तहान काढलेलं बियाणं

गोदामासमोरची रांग सकाळी सातलाच रस्त्यापर्यंत गेली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या पायाशी गव्हाच्या बियाण्याचं पोतं होतं. पेरणीचे दिवस. मी गावातला पेरणीयंत्रांचा मिस्त्री. खरं तर या दिवसांत रांग माझ्या दुकानापुढे लागायला हवी, पण त्या सकाळी माझ्याकडे चिटपाखरूही फिरकलं नाही. म्हणून दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मीही बघायला गेलो. खोटं कशाला बोलू, थोडा जळतही होतो.

गोदामाच्या ओट्यावर तहानबाबा बसले होते. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. पोतं पुढे आलं की बाबा त्यात हात घालायचे, मूठभर गहू कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग कपाळाला आठ्या. "ओरडतंय," ते म्हणायचे, "पाणी पाणी करतंय बिचारं." त्यानंतर अंगाला एक झटका, घशातून कोरडा खरखराट, जीभ बाहेर. लगेच चेला पाण्याचा पेला पुढे करी, बाबा तो गटागटा पिऊन टाकत आणि हुश्श करून सांगत की या बियाण्याची तहान आता माझ्यात आली, आता हे पाण्यावाचून वाढेल. लोक माना डोलवत. चाळीस पोती झाली तोवर चाळीस पेले झाले होते. दर अर्ध्या तासाने बाबा 'ध्यानाला' म्हणून गोदामामागे जाऊन येत. कसलं ध्यान ते मला कळत होतं, पण सांगायचं कोणाला?

पण खरी मजा पुढेच होती. बाबांचं म्हणणं असं, की प्रत्येक पोत्यात काही बी हट्टी असतं, त्याची तहान काही केल्या निघत नाही. तेवढं वेगळं काढावं लागतं. मग चेला घमेलं घेऊन बसे. एक घमेलं शेतकऱ्याच्या पोत्यात, एक घमेलं बाबांच्या ढिगात. परत मिळालेल्या अर्ध्यातच अख्खं शेत पेरायचं, अशी बाबांची आज्ञा. हट्टी बियाण्याचा ढीग दुपारपर्यंत माणसाएवढा झाला. तो म्हणे लांब नेऊन नदीत सोडणार होते. मी पुढे होऊन विचारलं, की हट्टी बी बरोबर एक आड एक घमेल्यातच कसं बसतं? बाबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, या माणसाच्या डोक्यात तेल आणि वंगण भरलंय. सगळे हसले. मला राग आला, पण वंगण कपाळाला लागलेलं होतंच, ते बाहीने पुसत मागे सरलो.

रांगेत माझी थोरली बहीण होती. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला अंगाखांद्यावर तिनेच वाढवलं. मेहुणे गेल्यापासून शेत एकटी करते, आणि कोणाच्या बापाचं ऐकत नाही. बाकीच्यांनी एक पोतं दिलं आणि अर्धं परत घेतलं. ताईने तसंच केलं, घरी गेली, दुसरं पोतं घेऊन आली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली. बाबांना गहिवरून आलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, याला म्हणतात दुप्पट श्रद्धा." आणि विशेष कृपा म्हणून आपल्या गळ्यातल्या माळेच्या ओंजळभर पाकळ्या त्यांनी तिच्या पोत्यात टाकल्या.

मी घरापर्यंत तिच्याशी भांडत गेलो. दोन वेळा रांगेत उभं राहण्याची काय गरज होती, अर्ध्या पोत्याऐवजी अख्खं पोतं कशाला घालवलंस, असं सगळं बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की अर्ध्या पोत्यात शेत विरळ दिसेल, आणि विरळ शेत तिला या जन्मात पेरायचं नाही.

यात तिची चूक नव्हती. आमच्या गावाची खोडच ती. इथे शेत कसं हवं, तर साप आत शिरला तर त्याला परत निघता येऊ नये. विरळ पेरलं की लोक बांधावरून विचारतात, काय हो, बियाणं उंदरांनी खाल्लं का? कंजूष म्हणतात, आळशी म्हणतात. शेताला टक्कल पडलं म्हणतात. त्यामुळे पाणी असो नसो, पेरायचं दाट. आमच्या आजोबांनी दाट पेरलं, त्यांच्या आजोबांनीही. त्या वर्षी विरळ पेरण्याची हिंमत झाली ती केवळ बाबांची आज्ञा म्हणून, आणि अर्ध्या पोत्यात पूर्ण शेत भागवायचं म्हणून. दुसऱ्याच दिवशी सगळे यंत्रं घेऊन माझ्याकडे आले. बी सोडणारी चकती मी एकेकाची अर्ध्यावर आणून दिली. असा धंदा माझा कधी झाला नव्हता, म्हणून मीही तोंड बंद ठेवलं. हे माझं पाप मी आधीच कबूल करतो.

ताईची चकती मात्र पूर्णच होती. तिने पेरायला घेतलं आणि चार फेऱ्या झाल्यावर माझ्याकडे निरोप आला, की बी नीट पडत नाहीये. गेलो. पाहतो तर आठ नळ्यांपैकी चार गच्च. ओल्या पाकळ्या आत जाऊन लगदा होऊन बसल्या होत्या. मी तार घालून सगळा लगदा काढला, नळ्या फुंकून साफ केल्या, आणि आठही नळ्यांतून धो धो बी पडायला लागलं. ताईने तो लगदा फेकू दिला नाही, पदराच्या कोपऱ्यात बांधून घेतला. राहिलेलं सगळं शेत तिने दाट पेरलं. मी मोठ्या अभिमानाने घरी आलो.

त्या हंगामात पाऊस पेरणीपुरता पडला आणि गेला तो गेलाच. गावाच्या तळ्यात इतकं कमी पाणी होतं, की पाणीवाटप मंडळाने प्रत्येक शेताला संपूर्ण हंगामात दोन तासांची एकच पाळी दिली. जे काय वाढायचं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर.

आणि काय सांगू, गावाचा गहू आला. विक्रमी वगैरे नाही, पण एवढ्या कमी पाण्यात ओंब्या भरल्या, हीच मोठी गोष्ट. लोक बांधावर उभे राहून ओंबी तळहातावर चोळत आणि दाणे बघून एकमेकांच्या पाठीवर थाप मारत. पाण्यावाचून गहू! आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला आली. मंडळाचे अध्यक्ष तर भाषणच करायला लागले. वाळलं ते माझ्या दुकानामागच्या तुकड्यातलं पीक. मी बाबांना विचारायला गेलो नव्हतो आणि सवयीप्रमाणे दाट पेरलं होतं. पण त्याची कोणी दखल घेतली नाही. मी नास्तिक, माझं वाळणं रीतसरच होतं.

घोळ झाला तो ताईचा. गावातल्या सगळ्यांत मोठ्या भक्तिणीचं शेत पांढरं फटक पडलं. ओंब्या आल्या, पण दाणा म्हणजे नुसती चिपाडं. अख्ख्या शेतात एका कडेचे चार पट्टे तेवढे भरले, तेच पहिल्या चार फेऱ्यांचे.

बाबांना बोलावणं गेलं. ते गाडीतून आले, बांधावर उभे राहिले, नाकाला रुमाल लावला. मग त्यांनी निदान केलं: बियाण्याची तहान मी काढली होती, पण या बाईच्या पापाने ती परत आली. हे चार पट्टे वाचले ते माझ्या पाकळ्यांमुळे. आणि त्यावर उपाय सांगितला. पापी शेताला तळ्याचं पाणी गेलं तर अख्खं तळं बाटेल, म्हणून ताईची पाण्याची पाळी कायमची काढून घ्यावी. ती पाळी वाया जाऊ नये म्हणून गावाबाहेर बाबांचा जो आश्रम होणार होता, त्याच्या बागेला द्यावी. कृपा किती नेमकी लागते बघा. अध्यक्षांनी रविवारी सभा ठेवली.

पाळी गेली म्हणजे शेत गेलं. एवढं साधं होतं ते. दोन तास का होईना, त्या पाण्यावर ताईचं घर चालतं. पण तिला खाऊन टाकत होतं ते वेगळंच. दुकानदार तिला सामान द्यायचा, पण शब्द बोलायचा नाही. शेजारीण रोज दुपारी चहाला यायची, ती यायची थांबली. शनिवारी मी गेलो तर ताई ओसरीवर बसून बोटं मोजत होती. काय मोजतेस विचारलं तर म्हणाली, पापं. सासूबाईंना एकदा उलट बोलले होते. शेजारच्या कोंबडीने आमच्या पेंढ्यात अंडं घातलं ते परत केलं नाही. तुला लहानपणी एकदा चिमटा काढला आणि आईला सांगितलं की मुंगी चावली. मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोळेही भरले. ज्या बाईने मला वाढवलं ती एका लबाडासाठी आपल्या सगळ्या आयुष्याची झडती घेत बसली होती. माझं डोकं फिरलं. तिला म्हटलं ऊठ, शेतात चल.

चार भरलेल्या पट्ट्यांपाशी आम्ही उभे राहिलो. खरं सांगतो, मीही तोवर नीट विचार केला नव्हता. ताईच खाली बसली. तिने बुडखे हाताने बाजूला केले आणि म्हणाली, "हे विरळ का रे?"

"पहिल्या चार फेऱ्या," मी म्हणालो. "पाकळ्यांनी चार नळ्या बंद होत्या. मी येऊन साफ केल्या." आणि बोलता बोलता माझा आवाज बारीक झाला. जिथवर यंत्र बिघडलेलं होतं तिथवर गहू भरला होता. जिथून मी दुरुस्त केलं, तिथून वाळला होता. मिस्त्री म्हणून मला बुडायला पाणी पुरलं नसतं.

 ताईने मला दुकानात पाठवलं आणि सळईची एक चौकट बनवून आणायला सांगितली, चारही बाजूंनी मीटरभर. ती चौकट आम्ही शेतात ठिकठिकाणी टाकली आणि आतली रोपं मोजली. वाळलेल्या भागात दोनशेच्या घरात. चार पट्ट्यांत शंभराच्या आसपास. मग तिने खुरपं घेऊन दोन्हीकडे हातभर खणलं. दाट भागात माती पिठासारखी कोरडी. पट्ट्यात बोटाला अजून गार लागत होती.

तरी ताई खुश झाली नाही. तिचा स्वभावच तो, एकदा फसली की दुसऱ्यांदा सहज मानत नाही. म्हणाली, हे माझ्या एकटीचं झालं. अजून कोणी आहे का, ज्याने बाबाला न विचारता विरळ पेरलंय? मी म्हटलं असं गावात कोण असणार. आणि मग मला उद्याराव आठवले.

उद्यारावांचं खरं नाव त्यांनाही आठवत असेल की नाही शंका आहे. काहीही विचारा, उत्तर एकच, उद्या बघू. बियाण्याची तहान काढायलाही ते उद्या जाणार होते, तोवर बाबा निघून गेले. पण त्यांचा गहू चांगला आला होता, आणि गावाने त्यावर आंधळ्याचं नशीब असा शिक्का मारून विषय संपवला होता. आम्ही त्यांचं यंत्र पाहायला गेलो. नळ्यांत तार घातली तर एक आड एक अडकली. चार नळ्यांत कुंभारमाशीने मातीची घरं बांधलेली. उद्याराव म्हणाले, हो, दुरुस्तीला आणणारच होतो तुझ्याकडे. मी विचारलं, पेरून झाल्यावर अर्धं बियाणं उरलं तेव्हा शंका नाही आली? नाही, उलट बरं वाटलं, कोंबड्यांना घातलं. त्यांच्या शेतात चौकट टाकली. अठ्ठ्याण्णव रोपं.

रविवारी गोदामाच्या अंगणात सगळा गाव जमला. बाबा ओट्यावर, शेजारी अध्यक्ष. अध्यक्षांनी ठराव वाचला आणि ताईला विचारलं की काही बोलायचं आहे का. सगळ्यांना वाटलं रडेल, माफी मागेल. ती चौकट हातात घेऊन उभी राहिली.

तिने अध्यक्षांना विचारलं, तुमचं शेत इथून दोनशे पावलांवर आहे, चौकट टाकून मोजू का? अध्यक्ष नाही म्हणू शकले नाहीत, सगळे बघत होते. अख्खी सभा उठून त्यांच्या शेतात गेली. एकशे दोन. तिथून उद्यारावांकडे, अठ्ठ्याण्णव. तिथून ताईच्या शेतात. पट्ट्यात एकशे चार. वाळलेल्या भागात, अध्यक्षांनी स्वतः दोनदा मोजली, दोनशे सात. आणि शेवटी माझ्या दुकानामागे, जिथे मंत्रही नव्हता आणि कृपाही नव्हती. दोनशे दहा, सगळी चिपाडं.

सगळे गोदामाच्या अंगणात परतले, मग तिने अगदी सोपं करून सांगितलं. "जमिनीत ओल एका हंड्याएवढी होती. दोनशे तोंडांनी ती दाणा भरायच्या आधीच संपवली. शंभर तोंडांना शेवटपर्यंत पुरली. बाबांनी तहान काढली नाही. बाबांनी बियाणं काढलं."

बाबा हुशार माणूस. ते जराही डगमगले नाहीत. मंद हसून म्हणाले की उद्यारावांवर मी दुरूनच कृपा केली होती, भोळ्या माणसांना मी न मागता देतो. उद्याराव चमकून इकडेतिकडे बघायला लागले. "आणि या बाईचे चार पट्टे माझ्या पाकळ्यांनी वाचवले की नाही? सांग, वाचवले की नाही?"

"अगदी खरं," ताई म्हणाली. "पाकळ्यांनीच वाचवले. नळ्या बंद करून."

पहिल्यांदा एक जण हसला. मग दुसरा. मग अध्यक्षांना खोकला आला आणि तो थांबेना. हसण्याच्या त्या लाटेत बाबा एकदम लहान दिसायला लागले. कोणी तरी विचारलं की हट्टी बियाणं नदीत सोडलं ते कोणत्या नदीत. त्यावर पाहुणा म्हणून आलेला शेजारच्या गावचा एक माणूस भाबडेपणाने म्हणाला, म्हणजे आम्ही तुमच्याकडून तहान काढलेलं म्हणून विकत घेतलं ते हेच का? चेल्याने गाडी चालू केली. बाबा ध्यानाला गोदामामागे गेले ते तिकडूनच गाडीत चढले.

ठराव फाडला गेला. पण सभा पांगेना. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, काही म्हणा, बाबांमुळेच आपण विरळ पेरलं, म्हणजे कृपा त्यांचीच. दोनचार माना हललेल्या मी पाहिल्या. ताई त्यांना म्हणाली, "काका, त्याने आपलं अर्धं बियाणं चोरलं आणि चोरीचा आपल्याला फायदा झाला. आभार मानायचेत तर कुंभारमाशीचेही माना, तिने निदान पाया पडून घेतलं नाही." आणि मग ती जे बोलली ते मला अजून ऐकू येतं. ती म्हणाली, पीक गेलं याचं मला तेवढं नाही. पण तुम्ही इतके दिवस मला पापी म्हणत होतात, आणि माझ्या शेतात पाय ठेवून दोन रोपं मोजावीत असं एकालाही वाटलं नाही. माझ्या हातचा चहा प्यायलेल्यांनाही नाही. आणि मी स्वतःही मोजली नाहीत, मी माझी पापं मोजत बसले.

 अध्यक्षांनी पाण्याच्या पाळ्यांची वही उघडली, ताईच्या नावापुढे आधीच मारून ठेवलेली फुली सगळ्यांसमोर खोडली आणि सही केली. शेजारीण ताईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. 

आता लोक मला विचारतात, मिस्त्री, मग चकती अर्ध्यावरच ठेवायची ना कायम? बघा, बाबा गेले तर आता अर्ध्याची पूजा सुरू. तसं नाही हो. पाऊस भरपूर झाला, तळं भरलं, तर विरळ पेरल्याने नुकसानही होईल. कुठली जमीन किती ओल धरते, त्यावर किती तोंडं पोसतील, हे ज्याचं त्याने बघायचं. शेताचा एक पट्टा विरळ, एक दाट, एक मधला पेरा. चौकट टाका, मोजा, लिहून ठेवा. कोणाचं ऐकायचं तर त्या आकड्यांचं ऐका. मी चुकीचं सांगत असेन तर तेही त्याच चौकटीत सापडेल.

आणि कोणाचं शेत वाळलं, तर त्या घराकडे बोट दाखवण्याआधी त्या शेतात जा. खाली बसा. हातभर खणा.